दळण कशावर टाकलंय?

गिरणीत दळण टाकायला गेलं की आमच्याकडच्या बायका एक प्रश्न हमखास विचारतात : आधी काय दळलंय? ज्वारी-बाजरीवर गहू टाकला तर पोळ्या काळपट होतात आणि लाटताना कडेला चिरतात, म्हणून गहू गव्हावरच टाकायचा. मीसुद्धा पंधरा वर्षं हाच प्रश्न विचारत होते. मग लेकीच्या आजाराचं निदान झालं आणि मी ज्वारीचा डबा पुढे करून म्हणाले, "काका, हे गव्हावर टाकू नका." गिरणीवाले काका बुचकळ्यात पडले. "ताई, तक्रार गव्हावाल्यांची असते. ज्वारीवाल्यांचं काय बिघडतं? उलट भाकरी थापायला सोपी."

त्यांचं बरोबर होतं. गव्हाचा हात लागला की भाकरी सोपी जाते, आणि नेमकं तेच आमच्या घरात आता चालणार नव्हतं. हे पुस्तक पाककृतींचं असलं तरी ज्या अडचणीतून ते निघालं ती पाककृतींची अडचण नव्हती. गहू सोडायला आम्हाला आठवडा लागला. गव्हाची संगत सोडवायला दोन वर्षं लागली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण बैलांवरून माणसांबद्दल म्हणतो. ज्वारीचंही तेच होतं. गिरणीत, पोळपाटावर, कढईतल्या तेलात आणि, पुढे सांगणार आहे, हिंगाच्या डबीतसुद्धा.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण त्याबद्दल घोळ फार आहे. सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे, आणि पोट नाजूक असणंही नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाची प्रथिनं असतात. ज्यांच्या जनुकांत तशी प्रवृत्ती असते त्यांच्यातल्या काहींचं शरीर या ग्लूटेनच्या निमित्तानं स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढवतं. आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्नरस त्यांच्यातून शोषला जातो. ते झिजून सपाट होतात. मग ताटात कितीही वाढा, अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, कुणाचं पोट फुगतं, कुणाची उंची खुंटते. आणि कुणाला पोटाची काहीच तक्रार नसते, फक्त रक्त वाढत नाही. आमची मुलगी या शेवटच्या गटातली. नऊ वर्षांची होईपर्यंत लोहाच्या औषधांच्या किती बाटल्या संपवल्या त्याला गणती नाही. "नीट खात नाही" हा शेरा तिच्यावर आणि "नीट भरवत नाही" हा माझ्यावर.

तेव्हा आम्ही तिला काय भरवत होतो, ते आठवलं की आजही कसंसं होतं. अशक्त पोर म्हणून सकाळी दुधात बुडवलेली बिस्किटं. दुपारी गव्हाच्या शेवयांची खीर. पोट बिघडलं की मऊ भातावर मेतकूट आणि तूप. मेतकुटाच्या भाजणीत डाळी-तांदळाबरोबर पसाभर गहू असतो, हे मला माहीत होतं. दर उन्हाळ्यात ते भाजत मीच तर होते.

रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन तपासला आणि निदान पक्कं झालं. इथे एक गोष्ट ठासून सांगते. संशय आला म्हणून आधीच गहू बंद करून मग तपासणीला जाऊ नका. गहू थांबला की रक्तातल्या खुणा पुसट होत जातात, आतडंही भरून यायला लागतं आणि तपासणी खोटा दिलासा देते. आधी तपासणी, मग पथ्य. आणि निदान झाल्यावर औषध म्हणून दुसरं काही नाही. पथ्य हेच औषध, तेही जन्मभर. वजन उतरवायला म्हणून महिनाभर गहू सोडणाऱ्यांवर माझा राग नाही, पण त्यांच्यामुळे हॉटेलातला वेटर आमच्याकडेही तशाच नजरेनं बघतो, हेही खरं.

या आजाराचा दोषी कोण, हे सापडलं ते एका दुष्काळात. नेदरलँड्समध्ये हेग इथे विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. पाव-बिस्किटांनी या आजाराची मुलं बिघडतात, असा संशय त्यांना १९३०च्या दशकापासूनच होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, तिथे अन्नाचा भीषण तुटवडा झाला, पाव मिळेनासा झाला. बाकीची मुलं खंगत असताना ही आजारी मुलं मात्र सावरली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला. त्याआधी १८८८मध्ये लंडनच्या सॅम्युएल जी यांनी या आजाराचं नेमकं वर्णन केलं होतं आणि उपाय असलाच तर तो आहारात असेल, असंही म्हटलं होतं. पण आहारातलं नेमकं काय, हे कळायला पावाविना काढलेला एक हिवाळा जावा लागला.

आपल्याकडे हा आजार साहेबांचा समजला जाई. दिल्लीच्या परिसरात लोकांची पाहणी झाली तेव्हा शंभरात सुमारे एकाला तो निघाला. नंतर वेगवेगळ्या भागांतल्या लोकांची तुलना झाली, तेव्हा उत्तरेत १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के असा फरक दिसला. जनुकांची प्रवृत्ती दोन्हीकडे मोठ्या प्रमाणात होतीच. ताटातला गहू मात्र उत्तरेत कितीतरी जास्त होता. महाराष्ट्र या दोन ताटांच्या मधोमध बसतो. माझ्या आजीच्या घरी, सोलापूरकडे, पोळी सणाला व्हायची आणि भाकरी रोज. आईच्या घरी पोळी रोजची झाली, भाकरी चवीपुरती. माझ्या घरी भाकरीसाठी रविवार उजाडावा लागे. तीन पिढ्यांत हे झालं आणि त्याला आम्ही सुधारणा म्हटलं. आज मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, आणि माझी आजी जी भाकरी चुलीवर थापायची तिला शहरातल्या हॉटेलात पोळीपेक्षा जास्त पैसे पडतात.

तर, धान्याची ददात आपल्याला नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, सगळ्या डाळी. यांपैकी कशातही ग्लूटेन नाही. उकडीचे मोदक, घावन, आंबोळी, पातोळ्या, सांदणं, अनारसे, झुणका-भाकर, अळूवडी, थालीपीठ... थांबा, थालीपीठ नाही. त्याच्या भाजणीत गहू असतो. गव्हाशिवायची भाजणी पुस्तकात दिली आहे. आणि उपवास! गहू वर्ज्य करणारं सगळं स्वयंपाकशास्त्र आपण शेकडो वर्षं बसवून ठेवलेलं आहे आणि त्याला नाव धार्मिक दिलेलं आहे. निदानानंतरचा पहिला महिना आमच्या घरी महिनाभर एकादशी होती, आणि दुप्पट खाण्याची म्हणही लेकीनं मनावर घेतली होती.

अडचण येते ती नावांमुळे. जवस चालतो, जव चालत नाही; एका अक्षराचं अंतर. बिहारचं सत्तू हरभऱ्याचं असतं, पण आपलं सातूचं पीठ गहू आणि डाळं घालून करतात, आणि सातू म्हणजे जव धरलं तरी सुटका नाहीच. कुरडई गव्हाच्या चिकाची, म्हणून ती तांदळाची समजून पानात घेऊ नये. खपली गहू 'पचायला हलका' म्हणून हल्ली दुप्पट भावानं विकतात आणि काही दुकानदार तो ग्लूटेनविरहित म्हणूनही खपवतात. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहेच. हे मी एका प्रदर्शनात विक्रेत्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आमचं गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही." यावर काय बोलणार?

आता हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच फोडणीत पडला तर आमटी खाववणार नाही. म्हणून तो डिंक आणि पीठ घालून सौम्य करतात; बाजारात मिळतो तो बहुतेक असाच, बांधानी हिंग. आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. पोळी बंद, बिस्किट बंद, वेगळा पोळपाट, वेगळी परात, आणि तरी सहा महिन्यांनी मुलीच्या रक्ताच्या तपासणीतला आकडा म्हणावा तसा उतरेना. तो गहू रोज दोन वेळा आमटीतून, भाजीतून, ताकाच्या फोडणीतून जात होता. डबीच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि हिंगाची डबी वाचायची असते हे मला कोण सांगणार? आता आम्ही तांदळाच्या पिठातला हिंग आणतो. पण पापडात, लोणच्यात, मसाल्यात, शेजारणीनं प्रेमानं दिलेल्या आमटीत तो गव्हाचा असू शकतो, आणि शेजारणीला हे कसं सांगायचं, याची पाककृती या पुस्तकात नाही.

एवढ्याशा हिंगानं काय होतं, असं सगळे विचारतात. हिशेब सांगते. एका मध्यम पोळीला साधारण २५ ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यात दोन-अडीच ग्रॅम तरी ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं तर सीलिअ‍ॅकच्या रुग्णांच्या आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलेलं आहे. म्हणजे पोळीचे चाळीस-पन्नास तुकडे केले तर त्यातला एक. पोळपाटाच्या कडेला चिकटून राहतं ते पीठ याहून फार कमी नसतं. म्हणूनच पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन असता कामा नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही तीच ठेवली आहे.

हिरवा ठिपका पाहून निर्धास्त होण्याची आपल्याला सवय आहे. तो ठिपका शाकाहाराचा, आमच्या कामाचा नाही. आम्ही पाकीट उलटं करतो. घटकांच्या यादीखाली अ‍ॅलर्जीची सूचना असते, तिथे गहू किंवा जव दिसला की पाकीट परत फळीवर. कॉर्नफ्लेक्समध्ये चवीला जवाचं माल्ट असतं, मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींतही ते असतं, सोया सॉस बहुधा गव्हासकट आंबवलेला असतो. ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लूटेन नाही, पण शेतापासून कारखान्यापर्यंत ते गव्हाच्या संगतीत वाढतात. ग्लूटेन-फ्री लिहिलेले असतील तेच, आणि तेही डॉक्टरांना विचारून. सुट्टं पीठ मी घेत नाही, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. आखं धान्य आणायचं, निवडायचं, धुऊन वाळवायचं आणि घरघंटीत दळायचं. घरघंटी महाग वाटली होती, पण डबाबंद परदेशी पिठांचे भाव पाहिल्यावर वाटेनाशी झाली. एकच अट : त्या घरघंटीत गहू एकदाही पडता कामा नये, पाहुण्यांसाठीसुद्धा.

भाजण्याच्या प्रकरणावर या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्ची पडली आहेत, कारण सर्वांत जास्त पीठ मी तिथे वाया घालवलं. निदानानंतरच्या पहिल्या वाढदिवसाचा केक नुसत्या तांदळाच्या पिठाचा केला. सुरी लावताच तो वाळूच्या किल्ल्यासारखा ढासळला. लेकीनं चमच्यानं खाल्ला आणि मैत्रिणींना सांगितलं, की हा असाच असतो.

कणीक तिंबतो म्हणजे आपण काय करतो, हे मला त्यानंतर कळलं. पाणी घालून मळताना गव्हातली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि एक लवचीक जाळी तयार होते. पुरणपोळीची कणीक तेल लावून तिंबत राहतो ती ही जाळी आणखी ताणली जावी म्हणून. पावात यीस्टचा वायू हीच जाळी धरून ठेवते. ज्वारीत, तांदळात ती नाही. म्हणूनच भाकरीचं पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, की भाकरी थापता थापता फाटते. आणि म्हणूनच आपल्या बायका त्यात कढत पाणी घालतात, मोदकाला उकड काढतात. गरम पाण्यानं पिष्ट फुगतं, चिकट होतं आणि जाळीचं काम थोडं का होईना करतं. परदेशी पुस्तकांतून मी झँथन गम शोधत हिंडत होते आणि उत्तर मोदकपात्राशेजारी ठेवलेलं होतं. पावासाठीच्या तांदळाच्या पिठातलं चौथाई पीठ आधी उकडून घेतलं, त्या दिवशी पहिल्यांदा पावाचा काप न मोडता उचलता आला.

दुसरा आधार इसबगोलाचा. औषधाच्या दुकानात मिळतो तोच, गुजरातेत पिकणारा, बद्धकोष्ठाच्या पलीकडे ज्याला कुणी विचारत नाही. शंभर ग्रॅम पिठाला पाच ग्रॅम इसबगोल पाण्यात भिजवला की त्याचा गोळा होतो आणि तो पिठाला धरून ठेवतो. पाणी मात्र हात आखडून घालू नका. पिठाच्या वजनाइतकं, कधी त्याहूनही जास्त लागतं. कणकेसारखा गोळा होणार नाही, इडलीच्या पिठाहून दाट असं काहीतरी होईल, आणि ते साच्यातच ओतावं लागेल. मळायचं नाही, दोनदा फुगवायचं नाही. आणि भट्टीतून काढल्यावर पूर्ण गार होईपर्यंत कापायचं नाही, नाहीतर आतून गिच्च निघतो. गरम पावाच्या वासात तास-दीड तास कळ काढणं, हा या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग आहे. नानकटाईला यातलं काहीच लागत नाही. बिस्किट खुसखुशीत हवं असतं, तिथे जाळी नसणं फायद्याचंच. बेसन आणि ज्वारीच्या पिठाची नानकटाई मैद्याच्या नानकटाईहून सरस होते, हे मी पथ्याच्या बाजूनं बोलत नाही. आमच्या सासूबाईंनी दोन्ही खाऊन दिलेला निकाल आहे, आणि त्या सहजासहजी निकाल बदलत नाहीत.

सगळी मापं वजनात दिली आहेत. वाटीनं करणार असाल तर माझ्या नावानं बोटं मोडू नका.

बाहेर खाणं. ग्लूटेन हा शब्द खानावळीत निरुपयोगी आहे. "गहू चालत नाही" म्हटलं तर वेटर पोळी काढून घेतो आणि रव्यात घोळवलेली सुरमई आणून ठेवतो. कारण त्याच्या लेखी गहू म्हणजे पोळी. रवा म्हणजे रवा, मैदा म्हणजे मैदा. म्हणून मी तिन्ही नावं घेते : कणीक नाही, मैदा नाही, रवा नाही. मग पाव आणि शेवयांचं पुन्हा वेगळं. 'अ‍ॅलर्जी' म्हटलं की नखरा वाटतो. "डॉक्टरांचं पथ्य आहे" म्हटलं की आतून आचारी स्वतः येतो. पथ्य या शब्दाला आपल्याकडे अजून मान आहे, त्याचा वापर करा.

किनाऱ्यावरच्या खानावळीत मासा तांदळाच्या पिठात घोळवून द्या म्हणावं; पण तळणीचं तेल आणि तवा कोणता, हेही विचारावं. मालवणी वड्यांच्या पिठात काही घरांत गहू असतो, काही घरांत नसतो. इडली सुरक्षित वाटते, पण काही ठिकाणी तिच्यात रवा असतो आणि सांबारात तो आपला हिंग. डोशाच्या तव्यावर आधी रवा डोसा झालेला असू शकतो. बटाटेवडा बेसनाचा, पण ज्या कढईत समोसे पोहले तिच्यातलाच. बिर्याणीच्या हंडीचं झाकण कणकेनं लिंपतात, हे मला एका लग्नात झाकण उघडताना पाहूनच कळलं. तंदूर तर नानांचाच. एवढं सगळं ऐकून कुणी घरीच बसेल, तर तसं नाही. आम्ही महिन्यातून दोनदा बाहेर जेवतो, गर्दीच्या आधी जातो आणि दोन-तीन ठरलेल्या जागी जातो, जिथे आमच्या प्रश्नांना आता कुणी हसत नाही. युरोपात डिसेंबर २०१४पासून हॉटेलांना ग्लूटेनसकट चौदा घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते. तिकडे शिकायला गेलेला भाचा म्हणतो, की मावशी, इथे मला तोंड उघडावंही लागत नाही. आमच्याकडे तोंड उघडावं लागतं. मराठी माणसाला ते तसं जड जाऊ नये.

प्रसादाचं मात्र जड गेलं. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नाही. "प्रसादानं काही होत नाही गं," हे वाक्य मी वडीलधाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकलं, की शेवटी मुलीलाच शिकवलं : हात पुढे कर, तीर्थ घे, केळं माग. आमच्या घरच्या पूजेत आता राजगिऱ्याचा शिरा होतो. गुरुजींनी एकदा भुवया उंचावल्या, मग दोनदा मागून घेतला. गोव्याच्या एका मैत्रिणीचा पेच याहून बिकट होता. चर्चमधली ओस्ती गव्हाचीच असावी लागते. ग्लूटेन अजिबात नसलेली चालत नाही, अगदी कमी असलेली चालते, हे व्हॅटिकननं २०१७ साली पत्रक काढून पुन्हा स्पष्ट केलं. ज्यांना तेवढंही नको त्यांना नुसत्या द्राक्षारसावर कम्युनियन घेण्याची मुभा असते. ती तेच करते. सुरुवातीला लोक वळून बघायचे, म्हणाली.

गिरणीवाल्या काकांकडे मी नंतर पुन्हा गेले, समजावून सांगायला. दगडाला टाकी लावायच्या दिवशी सगळ्यांत आधी तुमची ज्वारी टाकतो, असं ते आपणहून म्हणाले. मी नको म्हटलं; दगड नवा केला तरी वरचं चाडं, खालची पिशवी, भिंतीवरचा धुरळा गव्हाचाच. त्यांनी गिरणीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "मग इथे सगळीकडे गहूच आहे की हो." घरघंटी कुठली घ्यावी, हे मला त्यांनीच सांगितलं. आपलंच गिऱ्हाईक कमी करणारा सल्ला.

वर्षभरानं त्यांनी एक जोडपं माझ्याकडे पाठवलं, त्यांच्या मुलाचं नुकतंच निदान झालं होतं. मग आणखी एक आजी आल्या, नातीसाठी. दोघांना एकच गोष्ट परत परत सांगायला नको, म्हणून मी दोनशे पानी वही केली. या पुस्तकाचा मूळ ऐवज ती वही आहे. तिच्या पहिल्या पानावर पाककृती नव्हती, लाल शाईनं एवढंच लिहिलं होतं : घरी जाऊन आधी हिंगाची डबी उलटी करून वाचा. पुस्तकाचं पहिलं प्रकरणही तिथूनच सुरू होतं.